झेरॉक्सवरची रेघ की बांध?

"मशीनच तसं आहे हो, साहेब."

मराठीतल्या सगळ्यात खोटारड्या वाक्यांची यादी काढली, तर 'पाच मिनिटांत पोचतो' आणि 'उद्या नक्की देतो' यांच्या खालोखाल मी या वाक्याला जागा देईन. मशीन आपोआप कधीच 'तसं' होत नाही. कुणीतरी ते तसं ठेवलेलं असतं, आणि बाकीच्यांनी ते तसं चालवून घेतलेलं असतं.

तर मंडळी, आजचा विषय तसा रुक्ष आहे. मोठ्या नकाशांचं स्कॅनिंग आणि त्यांच्या प्रती. जांभई देण्याआधी एकच प्रश्न विचारतो: गावाला आजोबांच्या नावावरची थोडीफार जमीन आहे का? पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, सातबारा फक्त कर्जाच्या वेळी आठवणाऱ्या आपल्यासारख्या निम्म्या लोकांचं उत्तर 'हो, आहे बहुतेक' असं असेल. मग हे तुमच्यासाठीच आहे.

मागच्या मे महिन्यात काकांबरोबर महाडला गेलो होतो. आमची जमीन पोलादपूर तालुक्यात, डोंगरउतारावर, तुकड्या-तुकड्यांत. घरातल्या जुन्या गाव नकाशाची मोठी प्रत हवी होती. दुकानात छत्तीस इंची मशीन होतं: पुढून नकाशा सारायचा, आत स्कॅन होतो आणि खालच्या रोलवर छापून येतो. प्रत आली तेव्हा तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक काळी रेघ होती. सरळसोट, आमच्या गटातून आरपार. काकांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "हा बांध कुठचा रे?"

मशीनवरचा पोरगा म्हणाला, "काका, मशीनच तसं आहे. सगळ्यांनाच येते ती रेघ."

सगळ्यांनाच! म्हणजे त्या मशीनमधून गेलेल्या प्रत्येकाच्या जमिनीत एक फुकटचा बांध पडला होता. :)

मला त्या पोराचा राग नाही. त्याला मशीन चालवायला शिकवलं, तपासायला कुणी शिकवलं नाही. राग आहे तो 'चालतंय की' म्हणणाऱ्या त्याच्या वरच्या अख्ख्या साखळीचा. माझं म्हणणं सरळ आहे: नकाशाची खराब प्रत ही 'जरा फिकट आलेली' प्रत नसते, ती चुकीची माहिती असते. ती न तपासता तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारणं म्हणजे न पाहिलेल्या घटनेची साक्ष देणं. आणि तपासायला लागतात फार तर दहा मिनिटं.

आधी त्या रेघेचंच बघू. ऑफिसातल्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये कागद स्थिर असतो आणि डोळा खालून फिरतो. काचेवर धुळीचा कण असेल तर चित्रात एक ठिपका येतो, बस. मोठ्या स्कॅनरमध्ये उलटं असतं. डोळा स्थिर, कागद सरकतो. तोच कण आता कागदाच्या प्रत्येक ओळीत, त्याच जागी दिसत राहतो. ठिपक्याची रेघ होते, नकाशाएवढी लांब. इतकं साधं कारण! उपाय: मशीन बंद करा, झाकण उघडा, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने काच पुसा, वरची पांढरी पट्टी पुसा, मग कॅलिब्रेशन चालवा. याच क्रमाने. कॅलिब्रेशन करताना मशीन ती पांढरी पट्टी बघून 'पांढरं म्हणजे काय' हे शिकतं. घाणेरड्या पट्टीवर शिकवलंत तर ते घाणीलाच पांढरं समजेल, आणि नंतर काच कितीही पुसली तरी रेघ जाणार नाही. मग लोक म्हणणार, पुसून पाहिलं हो, मशीनच तसं आहे!

रेघ मशीनची की मूळ कागदाची, हे ओळखायचं असेल तर नकाशा उलट्या टोकाने घाला. रेघ नकाशाबरोबर फिरली तर ती कागदावर आहे. मशीनच्या त्याच जागी राहिली तर ती मशीनची.

आता दुसरा प्रश्न. दोष स्कॅनरचा की प्रिंटरचा? आपण कोडमधला बग कसा शोधतो? मधोमध तोडून. इथेही तेच. आधी नुसतं स्कॅन करून फाइल उघडा. दोष फाइलमध्ये दिसला तर गुन्हेगार स्कॅनर. फाइल स्वच्छ आणि छापलेल्या प्रतीत दोष, तर गुन्हेगार प्रिंटर: आडव्या पांढऱ्या रेघा आल्या तर शाईची छिद्रं तुंबलीत, ठरावीक अंतराने पट्टे आले तर कागद पुढे सरकवायचं माप बिघडलंय. पहिल्यासाठी हेड साफ करणं आणि दुसऱ्यासाठी पेपर अ‍ॅडव्हान्सचं कॅलिब्रेशन हे बहुतेक मशीनच्या मेनूतच असतं. हे एवढं न करता 'टोनर बदला, हेड बदला, मशीन बदला' म्हणणारे लोक म्हणजे आमच्याकडचे 'रीस्टार्ट करून बघा'वाले. दोघांनाही साष्टांग नमस्कार.

पण रेघ निदान डोळ्यांना दिसते. माझं खरं भांडण न दिसणाऱ्या चुकांशी आहे.

पहिली न दिसणारी चूक मापाची. मोठ्या स्कॅनरमध्ये कागद रबरी रोलर ओढतात. रोलर गुळगुळीत झाले, किंवा नकाशा कापडावर चिकटवलेला, जड, सुरकुतलेला असला की तो मध्येच घसरतो. मग चित्र एकाच दिशेने ताणलं किंवा आक्रसलं जातं. आडवं माप बरोबर, उभं चूक. डोळ्यांना काहीही कळत नाही. आता हिशोब करा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. एका दिशेने फक्त एक टक्का चूक झाली तर एकराला ४३५ चौरस फूट इकडचे तिकडे. आपल्याकडे एवढ्या जागेला वन-रूम-किचन म्हणतात आणि वीस वर्षं हप्ते भरतात!

याहून वाईट म्हणजे प्रिंट काढताना 'फिट टू पेज'वर राहिलेली टिक. फाइल गुपचूप ९७ टक्क्यांवर छापली जाते. दोन्ही दिशांनी तीन-तीन टक्के गेले की क्षेत्रफळ ९४ टक्के उरतं. एकराला दोन गुंठ्यांहून जास्त, जवळपास अडीच हजार चौरस फूट गायब. कुणी चोरले? एका टिकने.

दुसरी चूक जोडाची. बऱ्याच मोठ्या स्कॅनरमध्ये एकच लांब डोळा नसतो, शेजारी-शेजारी लावलेले अनेक छोटे सेन्सर असतात आणि सॉफ्टवेअर त्यांची चित्रं शिवतं. शिवण चुकली की तिरकी रेघ जोडावर पायरी खाते. ४०० डीपीआयला पाच पिक्सेल म्हणजे कागदावर मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश. किरकोळ ना? जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. एका इंचाला वीस साखळ्या असा नकाशा असेल तर प्रमाण १:७९२० होतं. त्यावर ते पाच पिक्सेल म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. पोलादपूरच्या डोंगरउतारावर भाताचं खाचर किती रुंद असतं ते एकदा जाऊन बघा, मग किरकोळ म्हणा.

तिसरी चूक 'सफाई'ची. स्कॅन सुंदर दिसावं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये डाग काढणारा फिल्टर असतो. काही पिक्सेलहून लहान असं जे काही एकटं दिसेल ते पुसून टाकायचं, एवढीच त्याची अक्कल. इंग्रजी मजकुरात आयवरचे टिंब गेले तरी फार बिघडत नाही. मराठीत? अनुस्वार म्हणजे ठिपका. दशांशचिन्ह म्हणजे ठिपका. आमच्याकडे वस्तीला 'कोंड' म्हणतात. फिल्टर लावा, कोंडाचा 'कोड' होतो. (सॉफ्टवेअरवाल्याच्या गावाला शोभतं म्हणा!) आणि ०.१६ मधला ठिपका गेला तर काय उरतं ते तुम्हीच लिहून बघा. त्यात फाइल छोटी व्हावी म्हणून स्कॅन नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केलं, की काळी मूळ रेघ आणि लाल शाईतली नंतरची दुरुस्ती यांतला फरकही संपला. शिवाय फिकट पेन्सिल गायब. नकाशावर रंग हौसेने वापरलेला नसतो, तो मजकूर असतो.

'एवढं काही होत नाही हो' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जगजाहीर किस्सा. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर मशीन स्कॅन करताना आकडेच बदलतात. नमुना होता एका घराच्या नकाशाचा. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३! आकडे पुसट नव्हते, स्वच्छ आणि ठळक होते. फक्त चुकीचे होते. कारण होतं जेबिग-२ नावाची कॉम्प्रेशन पद्धत. ती पानावरचे एकसारखे दिसणारे तुकडे शोधते, एकदाच साठवते आणि बाकीच्या जागी तोच तुकडा चिकटवते. ६ आणि ८ 'जवळजवळ सारखे' वाटले की सहाच्या जागी आठ. कंपनीने आधी हा दोष ठरावीक सेटिंगपुरताच असल्याचं सांगितलं, नंतर तो त्यापलीकडेही असल्याचं मान्य करून दुरुस्ती काढली. हा दोष तोपर्यंत कित्येक वर्षं मशीनमध्ये बसलेला होता. २०१५ मध्ये जर्मनीच्या माहिती सुरक्षा खात्याने मूळ कागदाची जागा घेणाऱ्या स्कॅनसाठी असल्या अदलाबदलीच्या कॉम्प्रेशनवर बंदी घातली.

ती ऑफिसातली मशीन होती, नकाशांची मोठी मशीन नव्हेत, हे कबूल. पण धडा तोच आहे. ज्या कंपनीच्या नावावरून आपण प्रतीला 'झेरॉक्स' म्हणतो, तिचं मशीनही मूळ आकडा बदलून देऊ शकतं, आणि मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय ते कुणालाही कळत नाही. सातबाऱ्यावरचे ०.१६ हेक्टर चुकून ०.१८ झाले तर दोन आर, म्हणजे २०० चौरस मीटर वाढले. दोन भाऊ कोर्टात जायला एवढं पुष्कळ आहे.

आता आपली जमात. आयटीवाल्यांची एक श्रद्धा आहे: डिजिटल झालं की वाचलं. केंद्र सरकारने २००८ मध्ये जमिनीच्या नोंदींच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २०१६ पासून तो 'डिजिटल इंडिया'च्या नावाने चालला. आपल्या राज्यात जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन देण्याचं काम झालं. चांगलंच झालं, जुन्या फेरफारासाठी तालुक्याला चार खेपा घालायच्या वाचल्या. मी त्या कामाच्या विरुद्ध अजिबात नाही. पण डिजिटल सही काय सांगते? ही फाइल अमक्याने दिली आणि नंतर बदललेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश द्यायची सोय आहे. हॅश काय सांगतो? फाइल तीच आहे. दोन्हींपैकी एकही गोष्ट हे सांगत नाही की फाइल मूळ कागदासारखी आहे. चुकलेल्या स्कॅनवर हॅश लावला की ती चूक फक्त उत्तम जपली जाते. कचऱ्याला कितीही भारी कुलूप लावा, आत कचराच.

हे सगळं महाड-पोलादपूरच्या संदर्भात एवढ्या तावातावाने का सांगतोय? कारण इथे मूळ कागद टिकेलच याची खात्री देता येत नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, आणि सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. माणसांपुढे कागदाचं काय मोल, हे खरंच. पण मागे राहिलेल्या माणसाला पुन्हा उभं राहताना पहिल्या दिवसापासून कागदच मागितला जातो. घर चिखलात गेलेल्याच्या पेटीतला नकाशाही चिखलात गेलेला असतो. त्याच्यासाठी आता कुठेतरी सर्व्हरवर असलेलं स्कॅन हेच मूळ. त्या स्कॅनवर रेघ आहे की बांध, हे ताडून पाहायला दुसरा कागद उरलेलाच नाही.

आणि जमिनीला इथे आता भावही आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी याच दोन तालुक्यांतून पट्टा संपादित झाला. संपादनाचा मोबदला चौरस मीटरवर ठरतो. एकाच गटातला कुठला भाग रस्त्यात गेला आणि कुठला उरला, हे नकाशावरच्या एका रेघेवर असतं. ती रेघ अडीच मीटर सरकली तर कुणाच्या तरी चुलीत फरक पडतो.

यावर ठरलेले आक्षेप येतात, एकेक घेतो.

'हद्द नकाशाच्या प्रतीवरून ठरत नाही, मोजणी करून ठरते.' बरोबर. पण मोजणीला आलेला माणूस हातात काय घेऊन येतो? जुन्या रेकॉर्डची प्रतच ना! आणि आता तर बरेच जण स्कॅन ऑटोकॅडमध्ये खाली ठेवून वरून गिरवतात. ताणलेल्या चित्रावर कितीही अचूक गिरवा, ताणलेलंच येणार.

'आता ड्रोनने मोजणी होते, जुन्या नकाशांचं कौतुक कशाला?' २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना गावठाणासाठी आहे, शेतासाठी नाही. शिवाय ड्रोन सांगतो की आज कोण कुठे बसलाय. भांडण असतं तेव्हा कोण कुठे होता याचं.

'मूळ नकाशाच जीर्ण आहे, प्रत काय चांगली येणार?' मग तर जास्तच काळजी घ्या! पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून सावकाश स्कॅन करा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद फुगतो, त्याचं मापही बदलतं, म्हणून शक्यतो कोरड्या दिवसांत करा. आजारी माणसाला 'तसाही अशक्तच आहे' म्हणून कुणी जिन्यावरून ढकलत नाही.

'एवढा वेळ कुणाला आहे? हजारो पानं असतात.' हा एकच आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. आणि इथेच दोष मशीनचाही नाही, पोराचाही नाही. पानामागे पैसे ठरवले की पानंच मिळणार, नकाशे मिळणार नाहीत. आपल्या धंद्यात टेस्टिंगचे दिवस कापून डिलिव्हरी केली तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे निदान पॅच काढता येतो. नकाशाचा पॅच कोर्टात निघतो, आणि तारखा पडतात.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. रोज सकाळी काच आणि पट्टी पुसून कॅलिब्रेशन. मग पाचशे मिलिमीटरचा एक चौकोन स्थिर फिल्मवर आखून ठेवायचा, रोज तो आधी स्कॅन करायचा आणि त्याच्या चारही बाजू व दोन्ही कर्ण मोजायचे. बाजू चुकली तर रोलर किंवा शिवण, कर्ण असमान आले तर कागद तिरका गेलाय. प्रत्येक नकाशाबरोबर कडेला एक मोजपट्टी स्कॅन करायची, म्हणजे प्रत कुणीही कधीही तपासू शकेल. मूळ फाइल रंगीत, काहीही न गमावणाऱ्या कॉम्प्रेशनमध्ये, डाग काढणारा फिल्टर बंद. लोकांना द्यायची हलकी पीडीएफ त्यावरून नंतर करा. आणि 'खरी नक्कल' शिक्क्याखाली ताडून पाहणाऱ्याची वेगळी सही. शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त टोचणार आहे, कारण मग 'मशीनच तसं आहे' म्हणता येणार नाही.

हे सगळं उद्या होणार नाही, मलाही कळतं. तोवर आपल्या हातात एक स्टीलची पट्टी आहे. या वीकांताला गावी जाणार असाल तर कपाटातली नकाशाची प्रत काढा. मूळ कागद असेल तर दोन्हींवर तीच दोन ठिकाणं निवडा, एकदा आडवं आणि एकदा उभं अंतर मोजा. मापं जुळली नाहीत तर त्या प्रतीवर लाल पेनने मोठ्या अक्षरांत 'मोजण्यासाठी वापरू नये' असं लिहा. मूळ कागद अजून धड असेल तर त्याचं नीट स्कॅन करून घ्या, पट्टी कडेला ठेवून, आणि एक प्रत गावाबाहेर ठेवा. येत्या पावसाळ्याच्या आत.